क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे का जातो?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की खानदेशात पऱ्हाटीचे, म्हणजे शेतात उरलेल्या कापसाच्या झाडांचे, काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. पूर्वी ती उपटून चुलीसाठी बांधावर रचून ठेवत असत. आता उपटायला मजूर मिळत नाहीत, आणि ती शेतात तशीच उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. म्हणून ट्रॅक्टरच्या श्रेडरने पऱ्हाटी बारीक करून मातीत मिसळण्याकडे चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यात कल वाढलेला आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड कापल्यानंतर उरणाऱ्या खांबांसाठीही अशीच यंत्रे चालतात. कामाला ही यंत्रे चांगलीच आहेत. परंतु जुन्या, एकाच क्लचच्या ट्रॅक्टरला ती जोडली की एक असा धोका तयार होतो, जो चालकाला प्रत्यक्ष प्रसंग येईपर्यंत दिसत नाही.

आमच्या घरी तो कळला बांधावर. काकांनी वापरलेला, बराच जुना ट्रॅक्टर घेतला होता. श्रेडर जोडून पऱ्हाटी काढताना तासाच्या, म्हणजे ओळीच्या, टोकाला त्यांनी नेहमीप्रमाणे क्लच पुरता दाबला, आणि ट्रॅक्टर थांबला नाही. तो त्याच संथ गतीने पुढे जात राहिला, पुढची चाके बांधावर चढली आणि पलीकडच्या चारीत उतरली. काकांना काही इजा झाली नाही. ज्याने त्याने निदान एकच केले, की क्लच प्लेट गेली असणार. मिस्त्रींनी ट्रॅक्टर खोलला, तेव्हा प्लेट उत्तम अवस्थेत निघाली. क्लचने त्याचे काम चोख केले होते. चूक होती ती क्लच दाबला म्हणजे ट्रॅक्टर थांबतो, या आमच्या समजुतीत.

ही समजूत कुठे चुकते हे पाहण्यासाठी शक्तीचा रस्ता समजून घ्यावा लागतो. इंजिनची शक्ती आधी क्लचपाशी येते, क्लचमधून गिअरबॉक्समध्ये शिरते, आणि तिथून तिला दोन वाटा फुटतात. एक वाट मागच्या चाकांकडे जाते. दुसरी वाट ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला बाहेर आलेल्या, खाचा पाडलेल्या आखूड दांड्याकडे, म्हणजे पीटीओकडे जाते. थ्रेशर, श्रेडर, रोटाव्हेटर, फवारणीचा पंप अशी सगळी यंत्रे याच दांड्यावर चालतात. एकाच क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये या दोन्ही वाटा क्लचच्या मागून निघतात. त्यामुळे क्लच दाबला की इंजिन बाजूला होते एवढेच. चाके आणि पीटीओ यांचा आपसातला संबंध मात्र गिअरमधून जसाच्या तसा जोडलेला राहतो. चाक फिरले तर पीटीओ फिरणार, आणि पीटीओ फिरला तर चाक फिरणार.

आता पीटीओला काय जोडले आहे, यावर सगळे अवलंबून आहे. हाताने फिरवायचे कडबा कुट्टी यंत्र ज्यांनी चालवले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्याचे जड चाक एकदा वेगात आले, की मूठ सोडल्यावरही ते कितीतरी फेरे मारत राहते, आणि त्या काळात पाती तितक्याच धारेने कापत असतात. आपण आधी लावलेला जोर त्या चाकाने साठवून ठेवलेला असतो, आणि तो पुरता खर्च झाल्याशिवाय चाक थांबत नाही. श्रेडर आणि गवत छाटणाऱ्या स्लॅशरमध्ये जड पोलादी पात्यांचा फिरता भाग, म्हणजे रोटर असतो. थ्रेशरमध्ये तर दाणे काढण्याचा वेग एकसारखा राहावा म्हणून मुद्दाम फ्लायव्हील, म्हणजे जोर साठवणारे जड चाक बसवलेले असते. म्हणजे ही यंत्रे जोर साठवणारीच आहेत.

किती जोर, याचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. समजा, ८० किलो वजनाची आणि ८० सेंटिमीटर व्यासाची भरीव पोलादी चकती पीटीओच्या प्रमाण वेगाने, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरते आहे. तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे १०,००० ज्यूल भरते. एक टन वजन जमिनीपासून मीटरभर उचलायला जेवढे कष्ट लागतील, तेवढी ही ऊर्जा आहे. त्याच वेळी २,००० किलोचा ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटर वेगाने पहिल्या गिअरमध्ये चालला असेल, तर त्या अख्ख्या ट्रॅक्टरच्या गतीत जेमतेम ४८० ज्यूल ऊर्जा असते. मागे फिरणाऱ्या चकतीत ट्रॅक्टरच्या गतीच्या वीसपट जोर साठलेला आहे, असा याचा अर्थ. इंजिन तोडले तरी एवढ्या साठ्यावर ट्रॅक्टर निवांत पुढे जातो. त्या संथ गतीनेही तो पाच सेकंदांत साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो, आणि बांध, चारी, कठडा नसलेली विहीर किंवा समोर उभे असलेले माणूस पुष्कळदा याहून कमी अंतरावर असते.

मग ब्रेक का लागत नाहीत, असा प्रश्न येतो. मागचे टायर सव्वा मीटरहून थोडे अधिक उंच धरले, तर वर सांगितलेल्या गतीला चाक मिनिटाला दहा फेरे घेते, आणि तेवढ्या वेळात पीटीओचे ५४० फेरे होतात. चाकाच्या एका फेऱ्यामागे पीटीओचे पन्नासहून अधिक. गिअरचा हा संबंध उलट बाजूने वाचला, की पीटीओकडून आलेला रेटा चाकापाशी पोचेपर्यंत पन्नासपट झालेला असतो. ब्रेक त्या रेट्याशी झुंजत राहतात. ब्रेक नवे आणि जमीन कोरडी असेल तर ते काही वेळाने जिंकतील; पण जुने ब्रेक, पाणी दिलेली काळी जमीन आणि खाली पसरलेला पाचोळा असेल, तर त्यांचा भरवसा धरता येत नाही. गडबडीत चावी बंद करूनही उपयोग होत नाही, कारण त्या घडीला ट्रॅक्टरला इंजिन ढकलतच नसते. गिअर न्यूट्रलला आणणे हा खरा उपाय आहे. परंतु दातांवर रेटा असताना गिअर सहजी निघत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तो त्या तीन-चार सेकंदांत सुचतही नाही. म्हणून अशा प्रसंगाला चालकाची चूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पंधरा वर्षे ट्रॅक्टर हाकलेला सालदारही इथे फसतो, कारण त्याच्या पायाला लागलेली सवयच त्याला खोटी माहिती देत असते.

याच दोषावरचा उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच. नाव मोठे असले तरी ही वस्तू आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे, कारण ती सायकलच्या मागच्या चाकात असते. आपण तिला फ्रीव्हील म्हणतो. पायडल मारले की चाक फिरते, पण उतारावर पाय स्थिर ठेवले तर चाक धावत राहते आणि पायडल जागेवर थांबते. तेव्हा येणारा कटकट आवाज फ्रीव्हीलचाच असतो. जोर पायाकडून चाकाकडे जाऊ शकतो, चाकाकडून पायाकडे येऊ शकत नाही. फ्रीव्हील नसते, तर उतारावर चाकाने आपले पाय गरागरा फिरवले असते. एका क्लचच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या चालकाची अवस्था नेमकी तशी असते.

ट्रॅक्टरसाठीचा हा क्लच म्हणजे वीतभरही लांब नसलेला पोलादी तुकडा असतो. त्याच्या एका टोकाला आतून खाचा असतात, त्या पीटीओच्या दांड्यावर बसतात. दुसऱ्या टोकाला पीटीओसारखाच खाचांचा दांडा बाहेर आलेला असतो, त्यावर यंत्राचा जॉइंट शाफ्ट चढतो. बाहेरून पाहिले तर पीटीओ थोडा लांब झाला, एवढेच दिसते. आतमध्ये मात्र दोन वेगळे भाग एकात एक बसवलेले असतात. एका भागात स्प्रिंगने बाहेर रेटलेले छोटे पोलादी खटके असतात, आणि दुसऱ्या भागाच्या आतल्या बाजूला एकीकडे उभे व दुसरीकडे उतरते असे दाते कापलेले असतात. ट्रॅक्टर यंत्राला ओढतो, तेव्हा खटके दात्यांच्या उभ्या बाजूला अडतात आणि दोन्ही भाग एकजीव होऊन फिरतात. यंत्र ट्रॅक्टरपेक्षा जोरात फिरू लागले, की खटके उतरत्या बाजूवरून घसरत जातात, स्प्रिंग दबते, आणि यंत्र आपल्या जागी मोकळे फिरत राहते. काही क्लचमध्ये खटक्यांच्या जागी निमुळत्या खाचेत अडकणारे गोल रोलर असतात, तत्त्व तेच. चालकाला काही दाबावे लागत नाही, काही लक्षात ठेवावे लागत नाही. क्लच दाबताच पीटीओ आणि चाके एकत्र मंदावतात आणि ट्रॅक्टर जागेवर थांबतो, मागे श्रेडर फिरत असला तरीही.

यात गिअरबॉक्सचाही लाभ आहे. अशा ट्रॅक्टरवर यंत्र फिरत असताना गिअर बदलायला गेले की दात करकरतात, कारण क्लच दाबूनही आतला दांडा यंत्राच्या रेट्याने फिरतच असतो. यंत्र थांबेपर्यंत चालकाला ताटकळावे लागते किंवा गिअर जबरदस्तीने टाकावा लागतो. ओव्हररनिंग क्लच लावल्यावर हा त्रास संपतो. शिवाय थ्रॉटल एकदम कमी केल्यावर यंत्राकडून उलटा बसणारा हिसका पीटीओच्या गिअरपर्यंत पोचत नाही.

हा दोष आजचा नाही. पीटीओच्या वेगाचे आणि मापाचे प्रमाण अमेरिकेत १९२० च्या दशकात ठरले, आणि पुढे १९३९ चा फोर्ड ९एन व १९४६ पासूनचा फर्ग्युसन टीई-२० असे जे ट्रॅक्टर घराघरात पोचले, त्यांच्यात चाके आणि पीटीओ यांना एकच क्लच होता. कॅनडातील कॉकशट कंपनीने १९४६ मध्ये आणलेल्या ३० क्रमांकाच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ चाकांपासून स्वतंत्रपणे चालवण्याची सोय मिळाली, आणि हळूहळू ती इतरांनीही स्वीकारली. परंतु ट्रॅक्टर दीर्घायुषी असतो. एकाच्या शेतातून निघून तो दुसऱ्याच्या शेतात पुन्हा वीस वर्षे चालतो. आपल्याकडे तर एकच मॉडेल सिंगल क्लच आणि डबल क्लच अशा दोन्ही प्रकारांत विकले जाते, आणि घेताना किमतीतल्या फरकाकडे जेवढे लक्ष जाते तेवढे या फरकाकडे जात नाही.

आपल्या ट्रॅक्टरला या क्लचची गरज आहे का, हे ओळखणे अवघड नाही. सिंगल क्लचमध्ये पायडल दाबले की चाकांची आणि पीटीओची शक्ती एकदमच तुटते. ट्रॅक्टर थांबवून यंत्र तेवढे चालू ठेवायचे असेल, तर गिअर न्यूट्रलला आणूनच पाय सोडावा लागतो. डबल क्लचमध्ये पायडल अर्धे दाबल्यावर फक्त चाके सुटतात आणि पुरते दाबल्यावर पीटीओही सुटतो. स्वतंत्र पीटीओला वेगळा दांडा किंवा बटण असते. या दोन प्रकारांत यंत्राचा रेटा चाकांपर्यंत पोचण्याचा मार्ग नसतो, म्हणून ट्रॅक्टर ढकलला जाण्याचा धोका उरत नाही. तरीही जड फ्लायव्हील असलेल्या बेलरसारख्या (कडब्याचे गठ्ठे बांधणाऱ्या) यंत्रांच्या शाफ्टमध्येच बनवणारे ओव्हररनिंग क्लच घालून देतात, ते उलट हिसक्यापासून बचाव व्हावा म्हणून. जुन्या ट्रॅक्टरबद्दल शंका असेल तर पुस्तिका पाहावी किंवा मिस्त्रींना विचारावे. रोटाव्हेटरबाबत धोका तुलनेने कमी असतो, कारण पाती मातीत रुतलेली असतात आणि मातीच ती लगेच थांबवते. मात्र रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर उचललेला आणि फिरता असेल, तर ही मातीची मदत मिळत नाही.

बसवताना एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते, आणि त्यातून नवे नुकसान होते. क्लच बसवल्याने पीटीओ काही इंच लांबतो, पण ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्यातले अंतर तेवढेच राहते. शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या त्यामुळे अधिक आत जातात, आणि यंत्र वर-खाली होताना जिथे अंतर सर्वांत कमी होते, तिथे त्या तळाला टेकतात. मग सगळा दाब पीटीओच्या आणि यंत्राच्या बेअरिंगवर येतो, आणि त्यांचे घर फुटण्यापर्यंत वेळ येते. म्हणून यंत्र हळूहळू उचलून व उतरवून सर्वांत कमी अंतर कुठे येते ते आधी पाहावे, आणि तिथेही दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहील अशा बेताने दोन्ही नळ्या व त्यांच्यावरची प्लास्टिकची आवरणे सारख्या मापाने कापून घ्यावीत. कापलेली कड कानशीने घासून साफ करावी, नाहीतर नळ्या अडकतात. उलट जास्त कापले आणि सर्वांत लांब स्थितीत नळ्या निदान एक तृतीयांश लांबीइतक्या एकमेकीत राहिल्या नाहीत, तर शाफ्ट चालत्या कामात निसटू शकतो. हे काम घाईचे नाही.

दुसरे, लांबलेला पीटीओ ट्रॅक्टरच्या मूळ संरक्षक पत्र्याबाहेर येतो. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टची जाडी साडेसात सेंटिमीटर धरली, तर एका सेकंदात त्याच्याभोवती दोन मीटर कापड गुंडाळले जाते. उपरण्याचे टोक, पदर किंवा सैल बाही अडकल्यावर माणसाला ओरडण्याइतकाही अवधी मिळत नाही. एक धोका टाळताना दुसरा उघडा करणे शहाणपणाचे नाही. वाढलेल्या लांबीवरही आवरण हवेच, आणि फुटलेले आवरण त्याच हंगामात बदलायला हवे.

हा क्लच काय करत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तो यंत्र थांबवत नाही. उलट क्लच नसताना ट्रॅक्टर ढकलण्यात यंत्राचा जो जोर खर्च होत असे, तो आता खर्च होत नाही, म्हणून यंत्र पूर्वीपेक्षा अधिक वेळ फिरत राहते. ट्रॅक्टर थांबला, इंजिन बंद झाले, शिवार शांत झाले, आणि मागे पाती अजून फिरतच आहेत, अशी ही स्थिती असते. अडकलेली पऱ्हाटी काढायला हात घालण्याची ओढ नेमकी याच क्षणी होते. इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी, आणि पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच यंत्राजवळ जावे. घरातली मुले ट्रॅक्टर थांबला की धावत येतात. त्यांना हे आपणच शिकवायचे आहे.

तसेच स्लिप क्लच आणि हा क्लच यांची गल्लत होऊ देऊ नये. दुकानातही दोन्हींना नुसते 'पीटीओचा क्लच' म्हटले जाते. पाते दगडाला किंवा खुंटाला अडकले तर स्लिप क्लच घसरतो, किंवा शिअर बोल्ट तुटतो, आणि गिअर वाचतात. ते जास्तीच्या ताणापासूनचे संरक्षण आहे. ओव्हररनिंग क्लच पुढच्या दिशेने कितीही ताण आला तरी घसरत नाही. एकाचे काम दुसरा करत नाही, आणि श्रेडरला दोन्ही असणे योग्य.

आणखी एक मर्यादा रिव्हर्स पीटीओ असलेल्या ट्रॅक्टरची आहे. थ्रेशरमध्ये दादरची (रब्बी ज्वारीची) किंवा मक्याची कणसे अडकली, की काही जण पीटीओ उलटा फिरवून ती मोकळी करतात. ओव्हररनिंग क्लच बसवलेला असेल तर उलट्या दिशेने शक्ती पोचतच नाही; पीटीओ फिरतो, यंत्र जागेवर राहते. ते काही बिघडल्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी क्लच काढून ठेवण्याचा मोह होतो, पण पुढच्या वेळी श्रेडर जोडताना तो परत बसवायचा राहतो, हा अनुभव आहे.

देखभाल थोडीच आहे, पण ती चुकली तर क्लच कुणाला न कळता निकामी होतो. खटके गंजून किंवा घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसमध्ये रुतून एका जागी बसले, की आतले दोन भाग कायमचे जोडले जातात. काम चालूच राहते, आवाज येत नाही, शक्ती कमी होत नाही, आणि तो क्लच आता केवळ लांबी वाढवणारा लोखंडी तुकडा उरला आहे हे ट्रॅक्टर न थांबण्याच्या त्या एका क्षणीच कळते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, आणि काम जास्त असेल तर मधूनमधून, इंजिन बंद व चावी खिशात ठेवून यंत्राकडचा शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहावा. एका दिशेला तो अडला पाहिजे आणि दुसऱ्या दिशेला मोकळा फिरला पाहिजे. दोन्हीकडे अडत असेल तर त्या क्लचवर विसंबू नये. दोन्हीकडे फिरत असेल तर खटके झिजलेले असू शकतात. ग्रीस पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच द्यावे. अधिक दिले तर अधिक चांगले, असा नियम इथे लागू होत नाही. जाड ग्रीस ठासून भरले तर खटकेच हलेनासे होतात.

क्लच हातात येईपर्यंत जुन्या ट्रॅक्टरवर काम थांबवता येत नसेल, तर तासाच्या टोकाला पोचण्याच्या बरेच आधी थ्रॉटल कमी करावा. फेरे निम्मे झाले की साठलेला जोर निम्मा नव्हे, चौथाई उरतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. बांधालगतच्या दोन-तीन ओळी शेवटी, सर्वांत कमी गतीत काढाव्यात, आणि विहिरीच्या बाजूने श्रेडर चालवूच नये; तिथली पऱ्हाटी हाताने उपटावी. आमच्या काकांनी त्या प्रसंगानंतर वर्षभर असेच केले. पुढच्या हंगामात ओव्हररनिंग क्लच घेतला, शाफ्ट कापून घेतला, आणि पहिल्या दिवशी मोकळ्या रानात, समोर कोणी नाही हे पाहून, श्रेडर पूर्ण वेगात असताना क्लच दाबला. ट्रॅक्टर जागेवर उभा राहिला. मागे श्रेडर फिरत होता, आणि तो थांबेपर्यंत काका सीटवरून खाली उतरले नाहीत.